स्थानिक नाव : बोराटी

परीक्षेच्या कागदावर मी एकदा ‘बोराटी’ हा शब्द लिहिला आणि तो चूक ठरवण्यात आला. तो चूक नव्हता. एवढे साधे विधान करण्यासाठी मला निवृत्तीपर्यंत थांबावे लागले, कारण बोलण्यात मी कधीच पुढे नव्हते. शाळेत हजेरी देताना माझा आवाज दुसऱ्या बाकापर्यंतही पोचत नसे आणि पुढे शिक्षिका झाल्यावर पहिली दोन वर्षे मी वर्गाकडे पाठ करून, फळ्याकडे तोंड करून शिकवले. पुंडलिकनगरच्या घरात आता वेळ पुष्कळ आहे. लिहिण्याची सवय नाही; तरीही वहीच्या पहिल्या पानावर हेच विधान आले, म्हणून त्याचीच हकिगत लिहिते.

आधी शब्दाविषयी. आमचे गाव दौलताबादच्या किल्ल्यापलीकडे, डोंगराच्या पायथ्याला. तिथे बोरी दोन तऱ्हेच्या. एक मोठे झाड. विहिरीपाशी किंवा परसात असते, त्याची फळे लांबट आणि गोड. त्याला सगळे बोर म्हणत. दुसरे कमरेइतके झुडूप. ते कोणी लावत नाही. बांधावर, मुरमाड माळावर ते आपले आपण येते. पाने वरून हिरवी आणि खालून राखेच्या रंगाची. काटे जोडीने येतात, त्यांतला एक सरळ आणि दुसरा आकड्यासारखा मागे वळलेला. हिवाळ्यात वाटाण्याएवढी तांबूस, आंबट फळे धरतात. त्यांत बीच जास्त, गर नावापुरता. ह्या झुडपाला आमच्याकडे बोराटी म्हणतात.

शब्दकोशात पाहिले तर बोराटी म्हणजे कुंपणासाठी तोडलेली बोरीची काटेरी फांदी. कोश खोटा नाही. पण आमची माणसे मुळावर उभ्या असलेल्या झुडपालाही बोराटीच म्हणत. ‘बांधावरली बोराटी लई माजली’ म्हणत, ‘बोराटीला बोरं आली’ म्हणत. मोठ्या झाडाला त्याच्या फळाचे नाव मिळाले होते आणि ह्या झुडपाला त्याच्या कामाचे. ज्यांनी ते नाव ठेवले त्यांना फळापेक्षा कामाची गरज अधिक होती, एवढाच त्या नावाचा अर्थ.

ते काम कसे करतात हे सांगणे आवश्यक आहे, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. बोराटी कोयत्याने बुडातून तोडतात आणि दुबेळक्या, म्हणजे टोकाला दोन फाटे असलेल्या, काठीने दाबून ओढत नेतात. हाताने धरता येत नाही. कुंपण घालताना प्रत्येक फांदीचा बुडखा आतल्या बाजूला ठेवायचा आणि काटेरी शेंडा बाहेर. बुडख्यांवर दगड ठेवायचे. वाकडे काटे एकमेकांत अडकतात आणि फांद्यांची एक गाठ बनते. असे कुंपण बाहेरून उपसता येत नाही. ज्या बाजूला बुडखे, त्याच बाजूने ते उघडते.

हैद्राबाद संस्थानात पोलीस अॅक्शन झाली तेव्हा मी सहा-सात वर्षांची असेन. वडील त्याआधी वर्षभर निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या सरहद्दीवरच्या कॅम्पात गेले होते आणि अजून परतले नव्हते. घरात माय आणि मी. आमच्या भिंतीला लागून एका कागद बनवणाऱ्याचे घर होते. चाचा चिंध्यांचा लगदा हौदात कालवून जाळीवर कागद उचलत आणि ओले कागद भिंतीला चिकटवून वाळवत. घरात चाची, त्यांच्या दोन मुली आणि चाचांची अंथरुणाला खिळलेली आई. मी दिवसभर त्या मुलींबरोबर असे. त्यांच्या घरी मी दख्खनी बोले आणि आमच्या घरी त्या मराठी.

निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकारांच्या दिवसांत गावात दोन घरे जळाली होती. त्यांतले एक माझ्या चुलत काकांचे. तेव्हा दारे लावून बसायची पाळी आमच्यावर होती. फौज आली, निजामाचे राज्य गेले आणि आठवड्याच्या आत भीतीने घर बदलले. चाचा रझाकार नव्हते हे सगळ्या गावाला ठाऊक होते. पण त्या आठवड्यात ठाऊक असलेल्या गोष्टी कोणी बोलत नव्हते.

त्या सकाळी मायने शेताच्या बांधासाठी बोराटी तोडून आणली होती. पाण्याला गेली तेव्हा विहिरीवर तिला कळले की पारावर माणसे जमत आहेत आणि कशासाठी जमत आहेत. ती परत आली आणि बोराटीचा सगळा ढीग चाचांच्या दाराकडे ओढू लागली. त्यांच्या अंगणाला मातीची उंच भिंत होती आणि आत जायला एकच वाट. चाची वाटेत उभी होती. मी तिच्या मुलींबरोबर आत, हौदापाशी.

“क्या कर रई भाबी?” चाचीने विचारले.

“तुमी आत व्हा. मी हिकडून सारते, तुमी बुडखे वढून घ्या. दगड ठिवा वर. पाटा-वरवंटा, काय आसंल ते.”

“और तू?”

“मी हाय की.”

माय काठीने फांद्या पुढे सारत होती आणि चाचा-चाची आतून ओढून घेत होते. चाचांच्या मनगटावर लांब ओरखडे उठले. पाटा आला, उखळ आले, लगदा कुटायचा मोठा दगड दोघांनी मिळून लोटत आणला. वाट छातीपर्यंत भरली. मग काट्यांतून मला फक्त मायचे लुगडे दिसत होते. ती बाहेर राहिली होती आणि ह्या कुंपणाच्या रीतीप्रमाणे आता तिलाही आत येता येणार नव्हते.

माणसे पाच-सहाच होती, पण सगळी आमच्याच गावची. पुढे माझे चुलत काका. हातांत काठ्या.

“वैनी, काटी सारा.”

“सरत न्हाय भावजी. बुडखे आत हायेत.”

“मंग आतल्याला सांगा उघडाया.”

“तुमीच सांगा. ऐकलं त्यानं तर बरंच हाय.”

मागून एकजण म्हणाला, “पेटवून द्या की.”

“वली हाय,” माय म्हणाली. “सकाळी तोडली. पेटायची न्हाय, धूर व्हईल नुसता. डोळे तुमचेच जातील.”

काका म्हणाले, “आमचं घर जळलं तवा कुठं व्हती तुमची बोराटी?”

“तवा मी पान्याच्या घागरी घिऊन तुमच्या दारात व्हते. घरी इचारा.”

“दादा घरी न्हाय म्हनून वैनी कारभारी झाल्या,” दुसरा कोणी हसत म्हणाला.

“व्हय, झाले. कुंपन माझं, बोराटी माझी. मी कुठंबी घालीन.” आणि ती खाली बसली. दुबेळकी काठी मांडीवर आडवी घेऊन, काट्यांना पाठ लावण्याइतकी जवळ.

मी आत आहे हे तिने एकदाही सांगितले नाही. सांगितले असते तर काकांना तिथून निघून जायला एक सोयीची सबब मिळाली असती, असे मला मोठेपणी वाटत असे. एकदा मी तिला तसे विचारलेही. ती म्हणाली, “आन् तुला तेवढं काढून नेलं आसतं मंग? भिंतीवरून उचलून?”

ऊन चढले. कोणीतरी दगड मारला, तो फांद्यांत अडकून राहिला. दुपारी एकेक करत माणसे पांगली. काका शेवटी गेले. फांद्या आणखी दोन दिवस तशाच होत्या. मग फौजेची गाडी गावात येऊन गेली आणि चाचांनी आतून दगड बाजूला केले. त्या वर्षी ज्वारीच्या काढणीला आमच्या शेतात सावडीला कोणी आले नाही. आपसांत बैल आणि माणसे देण्याचा तो गावचा व्यवहार आमच्यापुरता बंद झाला होता. ज्वारी मायने आणि चाचीने दोघींनी काढली. चाचीला विळा धरता येत नव्हता. ती कणसे मोडून घेत होती.

वडील परतल्यावर त्यांनी मला शहरात आत्याकडे शिकायला ठेवले. तिथून मी कॉलेजात गेले आणि वनस्पतिशास्त्र घेतले. आमचे सर हैद्राबादला उर्दू माध्यमात शिकलेले. मराठी चांगली बोलत, पण रागावले किंवा खूश झाले की उर्दूत जात. शेवटच्या वर्षी प्रत्येकाने पंचवीस वनस्पती गोळा करून, दाबून, वाळवून, जाड कागदावर शिवून आणायच्या होत्या. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात चिठ्ठी: शास्त्रीय नाव, कुल, स्थानिक नाव, ठिकाण. माझी पाने चाचांच्या हातकागदाची होती. सरांनी ती उजेडात धरून पाहिली आणि मला सांगितले, “पहिला वर्ग आण. पुढचा प्रवेश आणि प्रयोगशाळेतली जागा, दोन्हींसाठी मी शब्द टाकतो.” आमच्या घरातून शहरात पगारावर लागलेले तोवर कोणी नव्हते. मला ती जागा हवी होती. इतकी की रात्री झोपेत मी शास्त्रीय नावे म्हणत असे, असे आत्या सांगे.

बाह्य परीक्षक पुण्याकडून आले होते. सुती कोट, हळू आवाज, अत्यंत सभ्य माणूस. त्यांनी माझी पाने एकेक करून उलटली. बाराव्या पानाशी थांबले.

“हे ओळखलंत बरोबर. काट्यांविषयी सांगा.”

मी सांगितले. जोडी, सरळ आणि वाकडा, पर्णतलाशी त्यांचा उगम. त्यांनी मान डोलावली.

“आणि हे काय? स्थानिक नाव : बोराटी?”

“हो, सर.”

“स्थानिक नाव बोर. फार तर रानबोर. बोराटी म्हणजे तोडलेली फांदी. सरपण जसं, तसं. ते वनस्पतीचं नाव होऊ शकत नाही.”

त्यांनी पान माझ्याकडे वळवले.

“एवढं सुबक काम आहे, एका शब्दासाठी डाग नको. खोडा आणि बोर लिहा.”

“नाही, सर.”

“पेन नाही?” त्यांनी आपले पेन पुढे केले.

“पेन आहे, सर.”

शेजारी बसलेले आमचे सर कागदांत काहीतरी शोधू लागले. परीक्षकांनी चष्मा काढला. “मग हरकत काय आहे?”

“आमच्याकडे हेच नाव आहे.”

“तुमच्याकडे म्हणजे? पुस्तकात आहे का कुठं?”

“पुस्तकात नाही, सर. झुडपाला म्हणतात. उभ्या झुडपाला.”

“तुमच्याकडे निजामाच्या काळात इतकी वर्षं मराठी शाळाच नव्हत्या,” ते समजावणीच्या सुरात म्हणाले. त्यांच्या आवाजात तुच्छता नव्हती, उलट कीव होती. “शब्द इकडचे तिकडे होतात. त्यात तुमचा दोष नाही. पण आता सुधारून घ्यायला हवं.”

त्या क्षणापर्यंत, खरे सांगते, मी डगमगत होते. खोडून टाकावे, असे दोनदा मनात आले. पण त्यांच्या आवाजातली ती कीव ऐकली आणि माझ्यात काहीतरी घट्ट झाले. शाळा नव्हत्या हे खरे होते. शब्द होते.

“मी खोडणार नाही,” मी म्हणाले. माझा आवाज तेव्हाही फार मोठा नव्हता. पण त्या खोलीत आणखी काही आवाज नव्हता, त्यामुळे ऐकू गेला.

“जशी इच्छा,” त्यांनी पेन खिशाला लावले. “स्थानिक नावांची नोंद विश्वासार्ह नाही, असा शेरा मला सगळ्याच पानांवर द्यावा लागेल.”

निकाल लागला तेव्हा पहिला वर्ग थोडक्यात हुकला होता. बाहेर जिन्यावर सर मला म्हणाले, “एक लफ्ज था बेटी, एक लफ्ज.” आणि जागा दुसऱ्या कोणाला गेल्याचे त्यांनी पुढच्या आठवड्यात कळवले.

मी गावी गेले आणि मायला सगळे सांगितले. सांगताना मनात एक अपेक्षा होती, ती आता कबूल करायला हवी. वाटत होते की ती काही बोलणार नाही, फक्त डोक्यावर हात ठेवील. ती भाकरी थापत होती. हात थांबला.

“एका शब्दापायी?”

“हो.”

“येडी का खुळी? बोर तर बोर. त्यानं काय बोराटीचे काटे मोडत व्हते?”

“माय, तूच तर—”

“मी काय? मी मानसं जगवाया लावली ती. नाव जगवाया न्हाय. नावाचं काय घिऊन बसलीस? म्हननारे म्हनत्यात, त्यो पुण्याचा न म्हनू दे.” तिने भाकरी तव्यावर आपटली. “नोकरी घालवली. आन् तोंड वर करून सांगाया आली.”

रडू आले, पण मी म्हटले, “पुन्हा लिहीन तर तेच लिहीन.”

“मंग बस घरी काटे मोजत.”

आम्ही दोन दिवस बोललो नाही. तिसऱ्या दिवशी चाचीने मध्यस्थी केली. तिचे म्हणणे असे की दोघीही एकाच लाकडाच्या आहेत आणि तिला दोघींचा कंटाळा आला आहे. मायला मी तेव्हाही पटले नाही आणि शेवटपर्यंत पटले नाही. मला वाटते, तिच्या बाजूने तिचे बरोबर होते. तिने जे केले ते सांगण्यासारखे आहे असे तिला कधी वाटलेच नाही. मग ते कोणत्या शब्दाने सांगावे, याची काळजी तिने का करावी? ती काळजी शिकलेल्या मुलीची होती. पण मी शिकले होते, आणि त्याला माझा इलाज नव्हता.

वर्ग सुधारण्यासाठी पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षेला बसता येत असे. सरांनी स्वतः अर्ज आणून दिला. “नवी पानं तयार कर,” ते म्हणाले, “और उस झाडी को छोड दे. पंचवीस वनस्पती आणायच्या आहेत, डोंगरात पाचशे आहेत.”

मी डोंगरात गेले. पाचशे होत्याच. संक्रांतीच्या सुमारास फळे धरलेली एक फांदी मी आमच्या बांधावरून कापली, चाचांच्या कागदावर शिवली आणि कोपऱ्यात लिहिले, स्थानिक नाव : बोराटी. सरांना दाखवले नाही.

ह्या वेळचे परीक्षक वयस्क आणि घाईतले होते. त्यांना संध्याकाळची गाडी होती. त्यांनी पाने पत्त्यांसारखी उलटली. अकरा, बारा, तेरा. कुठेही न थांबता शेवटपर्यंत गेले, दोन प्रश्न मुळांविषयी विचारले, उत्तरे ऐकून “छान” म्हणाले आणि गुणपत्रिकेवर आकडा घातला. समोरून मला उलटा दिसला तरी कळला. पहिला वर्ग नक्की होता. सरांनी रुमालाने कपाळ पुसले आणि मला डोळ्यांनी दाराकडे जायची खूण केली.

मी उठले. दारापर्यंत गेले. आणि परत आले.

“सर, बाराव्या पानावरचं स्थानिक नाव आपण पाहिलं नाहीत.”

परीक्षकांनी घड्याळाकडे पाहिले. “का? काय आहे त्यात?”

“मागच्या वर्षी ते चूक ठरवलं होतं. मी तेच पुन्हा लिहिलं आहे.”

सरांच्या खुर्चीचा आवाज झाला. परीक्षकांनी गठ्ठा पुन्हा ओढला, बारावे पान काढले आणि ह्या वेळी बोट ठेवून वाचले. ओठ हलले. फळांकडे पाहिले, काट्यांकडे पाहिले.

“बोराटी,” ते म्हणाले. “झुडपालाच म्हणता तुम्ही? की तोडल्यावर?”

“झुडपालाच.”

“कोण म्हणतं?”

“आमच्या गावात सगळे म्हणतात. माझी आई म्हणते.”

मग त्यांनी गुणपत्रिका पुढे घेतली. मी टेबलाची कड धरली होती. आकडा त्यांनी तसाच ठेवला. पेन्सिलीने पानाच्या चिठ्ठीवर, माझ्या अक्षराशेजारी बरोबरची एक लहान खूण केली आणि गठ्ठा बांधायला शिपायाला दिला.

सर माझ्या मागोमाग व्हरांड्यात आले. इतके रागावलेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते. उर्दूही सुचत नव्हती त्यांना.

“मिळालं होतं तुला. हातात होतं. परत का गेलीस?”

“त्यांनी वाचलं नव्हतं, सर,” मी म्हणाले.